माघारीचा ठराव

१९८२ च्या गणपतीनंतरची गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीत समोरच्याच खोलीत माझा मामा राहायचा. गिरण्यांचा संप सुरू होऊन सात महिने उलटले होते. मामा रोज पहाटे कापडी पिशवी घेऊन निघायचा. दादरच्या बाजारातून भाजी उचलतो आणि वरळीला विकतो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. संपात कितीतरी जण तसं करतच होते, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. एका संध्याकाळी आईने त्याची पिशवी धुवायला घेतली. वर लाल माठाची एक जुडी होती, निळ्या चिंधीने बांधलेली, पार मान टाकलेली. ती चिंधी तीन दिवसांपूर्वी आईनेच बांधून दिली होती. जुडीखाली उष्टा डबा होता आणि डब्याच्या कडीत कापूस अडकला होता.

आई काही बोलली नाही. तिने डबा घासला, पालथा घातला, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत वर ताजी जुडी ठेवून दिली. बाबांना कळलं ते दिवाळीच्या तोंडावर. त्यानंतर बाबा अकरा वर्षं मामाशी बोलले नाहीत.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि कोण बरोबर, कोण चूक हे मला पक्कं ठाऊक होतं. बाबा संपावर ठाम, म्हणून बाबा बरोबर. मामा फुटीर. चाळीतल्या पोरांनी कोळशाने मामाच्या दारावर तो शब्द लिहिला. त्या पोरांत मीही होते.

लढ्यात माणसाने तग धरून जगावं की स्वतःला झोकून द्यावं, हा प्रश्न आपण नेहमी मामासारख्यांना विचारतो. जो मोडला, त्याला. का मोडलास, अजून थोडं कळ काढता आली नाही का? इतक्या वर्षांनी माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न आधी लढा चालवणाऱ्यांना विचारायला हवा. जो लढा लोकांकडून त्याग मागतो, त्याच्यावर त्या लोकांना जगवण्याचीही जबाबदारी येते. ती पेलेनाशी झाली, तर 'चला, सगळे मिळून परत जाऊ' हे मोठ्याने सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. गिरणी संपात हे वाक्य कोणी उच्चारलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो फक्त विरत गेला.

संप का झाला, हे आता अनेकांना माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. मुंबईतल्या साठेक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ ही एक मागणी होती. बदली कामगारांना कायम करा, ही दुसरी. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी कामावर आलं नाही तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर घरी. पण खरी गाठ होती ती १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यापाशी. त्या कायद्याने मालकांशी बोलणी करण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास कधीच उडाला होता, तरी तिला डावलून केलेला संप पहिल्या दिवसापासून बेकायदा ठरत होता. नेत्याने संप कामगारांवर लादला, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९८१ च्या दिवाळीच्या बोनसवरून प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलमध्ये ठिणगी पडली आणि कामगार आपणहून घाटकोपरला डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले. गिरणगावात त्यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत. त्यांनी इतर कारखान्यांत मिळवून दिलेल्या पगारवाढी लोकांनी पाहिल्या होत्या. त्या उमेदीत खोटं काही नव्हतं.

पण मालकांना घाई नव्हती. गोदामांत माल पडून होता, कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेता येत होतं, आणि ज्या जमिनीवर गिरण्या उभ्या होत्या तिची किंमत कापडापेक्षा किती तरी जास्त होणार, हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. वाट पाहणं मालकांना परवडणारं होतं. आमच्या चाळीत ते प्रत्येक घराला वेगवेगळ्या मुदतीपर्यंत परवडणार होतं, आणि ती मुदत कोणी मोजली नव्हती.

बाबा कायम कामगार होते. शिवाय कोकणात काकांबरोबर त्यांची सामाईक भातशेती होती. जून लागताच बाबा आम्हा भावंडांना घेऊन गावी गेले, लावणी केली, आणि परत येताना दोन गोणी तांदूळ घेऊन आले. संप इतका लांबला त्याचं एक मोठं कारण हेच होतं. चाकरमानी आणि घाटावरचे कामगार गावी जाऊन शेतीला लागले, आणि गावांनी त्यांना पोसलं. मामा बदलीवर होता. गावात त्याच्या वाट्याला राहत्या घरापलीकडे जमीन नव्हती. त्याची धाकटी मुलगी त्या पावसाळ्यात तापाने अंथरूण धरून होती. बाबा धीराचे होते, यात शंका नाही. पण त्यांच्या धीराखाली भाताची कणगी होती, आणि मामाच्या खोलीतला पत्र्याचा डबा श्रावणातच तळाला लागला होता. कोण किती दिवस टिकला हे पाहून आपण माणसांची निष्ठा मोजतो. बऱ्याचदा आपण मोजत असतो ती कणगी.

आणि आई? तिची गोष्ट कुठल्याच बाजूच्या हिशेबात नसते. दहा बाय बाराच्या खोलीत ती सात जणांची खानावळ चालवायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. बायकामुलं गावी ठेवून मुंबईत राहणारा कामगार त्यांच्याकडे जेवायचा आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचा. आई त्या जेवणाऱ्यांना 'मेंबर' म्हणायची. संप सुरू झाला तसे मेंबर उधारीवर जेवू लागले. तिने कुणाला नाही म्हटलं नाही. लाल पुठ्ठ्याच्या वहीत ती नावापुढे रेघा ओढत राहिली. मे महिन्यात आमचा तांब्याचा बंब मोडीत गेला, मग पितळेची दोन पातेली. संपाच्या सभेला तिला कोणी बोलावलं नव्हतं, तिचं मत कोणी घेतलं नव्हतं, पण संप तिच्या स्टोव्हवर शिजत होता. हे पहिल्यांदाच घडत होतं असंही नाही. १९७४ च्या ४२ दिवसांच्या संपातही खानावळवाल्यांनी असंच उधारीवर जेवू घातलं आणि त्या कर्जात बुडाल्या. त्यांची ती दशा पाहूनच १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेकडून कर्ज मिळवून दिलं. म्हणजे संपाचा खरा भार कुणाच्या डोक्यावर येतो, हे ८२ च्या आधी गिरणगावाला कळून चुकलं होतं. तरीही ८२ च्या मागण्यांत आणि निर्णयांत या बायका कुठेच नव्हत्या. ज्यांच्या जिवावर लढा चालतो, त्यांना न विचारता त्यांचा जीव खर्च करायचा, याला मी त्याग म्हणायला तयार नाही. त्याग स्वतःचा करायचा असतो.

बाबू गेनूचं नाव याच गिरणगावातलं. गिरणीतला हा बावीस वर्षांचा कामगार १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि ती त्याच्या अंगावरून गेली. त्याने दुसऱ्या कुणाला पुढे पाठवलं नाही. म्हणून ते नाव आजही मनात लख्ख आहे. दुसऱ्याच्या पोराला उपाशी ठेवून आपण ठाम राहिलो, तर त्या ठामपणाला हीच झळाळी चढवता येत नाही.

ज्यांच्याकडून त्याग मागायचा त्यांना लढा जिंकल्यावर काय मिळणार, हा प्रश्नही इथे येतो, आणि तो बाबासाहेबांनी १९२८ मध्येच विचारला होता. त्या वर्षी मुंबईत दीड लाख कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला, धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. आंबेडकरांचं म्हणणं होतं की आमच्या माणसांनी तुमच्याबरोबर उपाशी राहायचं असेल, तर त्या खात्याचं दार उघडण्याची मागणीही तुमच्या यादीत हवी. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घातली. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला. पण तेच आंबेडकर ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाच्या हक्कावरच घाला घालणारं विधेयक आलं तेव्हा, कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरले. याला धरसोड म्हणणाऱ्यांना मूळ मुद्दाच कळलेला नाही. ज्याच्याकडे गमावण्यासारखं सगळ्यात कमी आहे, त्याचं त्यातलं थोडंसुद्धा गेलं तर तो संपतो. त्याने लढ्याला आधी अटी घालाव्यात, हा त्याचा हक्कच आहे.

१९२८ च्या संपाकडून आणखीही एक शिकण्यासारखं होतं. सहा महिन्यांनी तो संप सगळ्या मागण्या पदरात पाडून संपला नव्हता. चौकशी समितीच्या बोलीवर तो थांबवला गेला. पण कामगार एकत्र, आपल्या युनियनच्या सांगण्यावरून परत गेले. त्यामुळे हरल्याची भावना आली नाही, आणि गिरणी कामगार युनियनचे सभासद ५० हजारांच्या वर गेले. १९८२-८३ मध्ये याच्या नेमकं उलट झालं. आधी शंभर जण चोरून गेले, मग हजार. प्रत्येक जण एकटा, प्रत्येक जण मान खाली घालून, माठाच्या जुडीखाली डबा लपवून. एकत्र परत गेलेला कामगार दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडू शकतो. एकटा परत गेलेला आपल्या शेजाऱ्याच्या नजरेलाही नजर देऊ शकत नाही. मालकाला याहून काय हवं होतं?

इथे माझ्या विरोधात जे बोललं जातं, ते मला मान्य करायला हवं, कारण ते बाबांचंच म्हणणं होतं. प्रत्येकाने आपापला डबा पाहिला असता तर एकही संप एक आठवडा टिकला नसता. मामा आत गेला म्हणून त्याच्या खात्यातले साचे चालू झाले, आणि साचे चालू झाले म्हणून बाबांची जागा गेली. हे खरं आहे. मामाच्या जाण्याने बाबांचं नुकसान झालं. मामालाही ते ठाऊक होतं. आणि डॉक्टर सामंतांच्या बाजूनेही बोलायला हवं. सरकारने मूळ मुद्द्यावर त्यांना उभं राहायला बोटभर जागा दिली नाही. एकाच मान्यताप्राप्त संघटनेचा तो कायदा इथे वाकवला तर उद्या गोदीत, परवा आणखी कुठे वाकवावा लागेल, ही भीती दिल्लीपर्यंत होती. अशा वेळी 'परत चला' म्हणणाऱ्या नेत्याला त्याचेच लोक विकला गेला म्हणतील, हा धोकाही होता. लोकांचा त्यांच्यावर जीव इतका की १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेतही गिरणगावाने त्यांना लोकसभेत पाठवलं. बाबांनी त्यांना मत दिलं. १६ जानेवारी १९९७ ला त्यांची हत्या झाली तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत.

पण इतकं प्रेम असलेल्या माणसालाच तर ते वाक्य म्हणता आलं असतं. ज्याच्यावर लोकांचा विश्वास नाही, त्याने माघार सांगितली तर ती दगाबाजी ठरते. ज्याच्यावर आहे, त्याच्या तोंडून ती ऐकली तर लोक रडतात आणि ऐकतात. १९८२ च्या दिवाळीत डॉक्टरांनी सभा घेऊन सांगितलं असतं की आपण सगळे सोमवारी पहिल्या पाळीला गेटवर एकत्र जाऊ, आत घेतलं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही, तर काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. पण बाबा आणि मामा त्या गेटवर शेजारी उभे असते. लाखभर कामगारांना त्यांच्या नोकऱ्या पुन्हा कधी मिळाल्या नाहीत. ते नुकसान मालकांनी आणि सरकारने केलं. माणसं एकमेकांना तुटली, ते नुकसान मात्र लढ्याने स्वतःच्या हाताने केलं.

आपल्याला मराठी माणसांना माघारीची लाज वाटते, आणि ही लाज नेमकी कुठून आली हे मला कळत नाही. १६६५ मध्ये पुरंदरला शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना लिहून दिले. पाच वर्षांत ते परत घ्यायला सुरुवात झाली, कारण माणसं शिल्लक होती. बुराडी घाटावर जखमी पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे 'बचेंगे तो और भी लढेंगे' हे शब्द आपण शाळेपासून ऐकतो आणि त्यातलं फक्त 'लढेंगे' लक्षात ठेवतो. वाक्य सुरू होतं ते 'बचेंगे'पासून.

हे सगळं जुनं झालं म्हणून सोडून देता आलं असतं, पण २०२१-२२ मध्ये एसटीचा संप डोळ्यांसमोर झाला. एसटी महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करा, या मागणीसाठी कंडक्टर-ड्रायव्हर आगारांबाहेर बसले. नोव्हेंबरमध्ये मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर झाली. थांबायचं तर ती जागा होती. काहींनी तसं सांगितलं, इतरांनी विलीनीकरणाशिवाय मागे हटायचं नाही असं बजावलं. मग निलंबनं, बडतर्फी, आत्महत्यांच्या बातम्या. शेवटी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने २२ तारखेपर्यंत कामावर हजर व्हायची मुदत दिली आणि लोक परतले. विलीनीकरण झालं नाही. परतीची वाट कोर्टाने काढून दिली, ही गोष्ट मला फार लागली. ते काम कोर्टाचं नव्हतं.

त्याच वर्षी दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले होते. दीड वर्ष तिन्ही कृषी कायदे स्थगित ठेवतो, हा सरकारचा प्रस्ताव त्यांनी धुडकावला आणि अखेरीस कायदे रद्द करून घेतले. अर्धवट तडजोड नाकारून ते जिंकले, मग माझं म्हणणं खोटं ठरत नाही का? मी त्या बातम्या बारकाईने वाचल्या. गावोगाव पाळ्या लावल्या होत्या. एक तुकडी सीमेवर, दुसरी शेतावर, आणि जो सीमेवर आहे त्याच्या पिकाला शेजारी पाणी देणार. लंगर चालू. तरीही संयुक्त किसान मोर्चाच्या हिशेबाने ७०० हून अधिक माणसं गेली, तेव्हा तो लढा स्वस्त होता असं कोणी म्हणू नये. पण ते नाही म्हणू शकले, कारण रोजचं जगणं त्यांनी लढ्याच्या आतच बसवलं होतं. आणि ११ डिसेंबर २०२१ ला तंबू उपटले तेही सगळ्यांनी मिळून, ठरवून.

म्हणून कोणतीही संघटना संपाची हाक देते तेव्हा माझे प्रश्न आता फार घरगुती असतात. कुणाच्या घरात किती दिवसांचं धान्य आहे, हे तुम्ही विचारलंत का? ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे, त्याचा डबा कोण भरणार? घरच्या बायकांची सभा घेतलीत का? आणि किती दिवसांनी, कुणी, कुठल्या सभेत परतीचा ठराव मांडायचा, हे आत्ताच ठरलं आहे का? ज्या सभेत संपाचा ठराव होतो, त्याच सभेत माघारीचा ठराव कसा होईल हेही लिहून ठेवायला हवं. कुणाला हे अवसानघातकी वाटेल. मी ते बोलते, कारण जिथे हे ठरलेलं नसतं तिथे माघार होतेच, फक्त पहाटेच्या अंधारात होते.

मामाची गिरणी १९९३ मध्ये बंद पडली. मालकाने ना बाबांना ठेवलं, ना मामाला. बाबा तेव्हा एका इमारतीवर वॉचमन होते. त्या संध्याकाळी ते मधला पॅसेज ओलांडून मामाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बसले. काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर घरं द्यायची म्हणून म्हाडाने कामगारांकडून आणि वारसांकडून अर्ज मागवले, तोवर दोघेही गेले होते. दीड लाखांहून जास्त अर्ज आले, घरं त्याच्या पाव हिश्शालाही मिळालेली नाहीत. मी आणि मामेभाऊ एकाच टेबलावर बसून दोन फॉर्म भरत होतो. गिरणीचं नाव, खातं, तिकीट नंबर. पात्रतेची तारीख १ जानेवारी १९८२, त्या दिवशी किंवा नंतर कामावर असलेला कोणीही चालतो. संपाच्या सतरा दिवस आधीची तारीख. त्यानंतर कोण गेटच्या आत गेला आणि कोण बाहेर राहिला, यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. आई शेजारी बसून आमचं लिहिणं बघत होती.

"दोघांची घरं एकाच मजल्यावर देतील का रे?" तिने भाच्याला विचारलं.

लॉटरीत अजून दोघांचंही नाव लागलेलं नाही.